पहिली चूक कोणाच्या देहावर?

वैद्यकीय शिक्षणात सध्या ‘कौशल्य प्रयोगशाळा’ हा परवलीचा शब्द झाला आहे. २०१९ पासून एमबीबीएसला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. २०२० च्या किमान निकषांत वैद्यकीय महाविद्यालयांना अशी प्रयोगशाळा सक्तीची करण्यात आली आणि २०२१ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेने नर्सिंगच्या सुधारित अभ्यासक्रमातही तिला स्थान दिले. खऱ्या रुग्णाला हात लावण्यापूर्वी विद्यार्थ्याने बाहुलीवर, पुतळ्यावर किंवा रुग्णाची भूमिका करणाऱ्या माणसावर सराव करावा, तेथे चूक करावी, ती समजून घ्यावी आणि पुन्हा करून पाहावे, ही यामागची कल्पना. तिला सिम्युलेशन म्हणतात आणि हा शब्द आता मराठीतही रुळला आहे.

कल्पना उत्तम आहे. परंतु आपल्या व्यवस्थेत उत्तम कल्पना आली की ती प्रथम निविदेच्या कागदावर उतरते. लाखो रुपयांचे विदेशी पुतळे येतात, फीत कापली जाते, छायाचित्रे निघतात. त्या पुतळ्यावर नेमके काय शिकवायचे, कोणी, कोणत्या भाषेत आणि कोणत्या वेळी शिकवायचे, याचे साहित्य मात्र कोणीच तयार केलेले नसते. पुतळा विकत मिळतो. शिक्षण विकत मिळत नाही, ते घडवावे लागते. या साध्या भेदाकडे ज्यांनी डोळेझाक केली आहे त्यांच्याशी आमचे भांडण आहे. आणि ‘हे सारे श्रीमंतांचे चोचले आहेत’ असे म्हणून जे पुरोगामी मित्र या विषयाकडे पाठ फिरवतात, त्यांच्याशीही आमचे तितकेच भांडण आहे.

गरिबाचा देह, शिकाऊ हात

वैद्यकाची विद्या आजवर कोणाच्या देहावर शिकली गेली, हा प्रश्न विचारल्याशिवाय या विषयाचे मर्म कळणार नाही. इंग्लंडमध्ये १८३२ साली शरीरशास्त्राचा कायदा झाला. त्याने विच्छेदनासाठी कोणाची शरीरे उपलब्ध करून दिली? दरिद्रीगृहांत आणि रुग्णालयांत मेलेल्या, ज्यांच्या प्रेतावर हक्क सांगावयास कोणी आले नाही अशा गरिबांची. अमेरिकेत अलाबामा राज्यात १८४५ ते १८४९ या काळात मॅरियन सिम्स या शल्यचिकित्सकाने गुलाम स्त्रियांवर भूल न देता पुनःपुन्हा शस्त्रक्रिया करून आपले तंत्र घडविले. त्यांतील अनार्का, ल्युसी आणि बेट्सी एवढीच तीन नावे इतिहासाला ठाऊक आहेत. आपल्याकडे १९४९ च्या मुंबई शरीररचनाशास्त्र कायद्याने बेवारस मृतदेह शिक्षणासाठी देण्याची व्यवस्था केली. बेवारस कोण असतो, हे कार्यकर्त्यांना सांगावयास नको.

मेलेल्याची गोष्ट सोडा. जिवंत रुग्णाच्या बाबतीतही रीत निराळी नाही. पैसे मोजणाऱ्याच्या खोलीत ज्येष्ठ डॉक्टरांचा सरावलेला हात जातो. जनरल वॉर्डातल्या मजूर बाईची शीर मात्र चौथ्या प्रयत्नात सापडते, तिचे टाके नवशिका घालतो, तिच्या बाळंतपणाभोवती विद्यार्थ्यांचा घोळका उभा राहतो आणि तिची संमती विचारण्याची कोणाला आठवणही होत नाही. विनामूल्य उपचारांची किंमत ती अशा रीतीने देहाने चुकती करते.

विद्यार्थ्याने जिवंत माणसाकडून शिकूच नये, असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. अखेरीस हात माणसाच्याच अंगावर पडावयाचा आहे. प्रश्न आहे तो पहिल्या चुकीचा. ती कापडावर व्हावी की कातकरणीच्या अंगावर, एवढाच हा प्रश्न आहे. आणि तो वर्गीय प्रश्न आहे.

ही खेळणी नव्हेत

पुरोगामी मित्रांचा आक्षेप परिचित आहे. ते म्हणतात, जेथे खाटा नाहीत, औषधे नाहीत, डॉक्टरांच्या जागा रिकाम्या आहेत, तेथे बाहुल्या कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे, पण तो वस्तुस्थितीला धरून नाही.

२००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली. सरकारने बाईला सांगितले, घरी बाळंत होऊ नकोस, दवाखान्यात ये. ती आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ साली देशात संस्थात्मक बाळंतपणांचे प्रमाण ३८.७ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ८८.६ टक्क्यांवर गेले आणि महाराष्ट्रात ९४.७ टक्क्यांवर. मातामृत्यूही घटले. दर लाख जिवंत जन्मांमागे २००४-०६ मध्ये देशात २५४ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ९७ झाला. महाराष्ट्रात तो १३० वरून ३३ वर आला. ही घट मोलाची आहे. पण जी बाई सरकारच्या शब्दावर विश्वासून उपकेंद्रात आली, तिला हात लावणारी आरोग्यसेविका सरावलेली असण्याची जबाबदारी आता सरकारवर येऊन पडली आहे.

येथे रोगाचा स्वभावच आडवा येतो. बाळंतपणानंतरचा तीव्र रक्तस्राव काही तासांत जीव घेतो. जन्मल्यावर न रडलेल्या बाळाला पहिल्या मिनिटाच्या आत श्वास द्यावा लागतो. पण लहान केंद्रातल्या नर्सला असे प्रसंग वर्षाकाठी मोजकेच दिसतात, आणि जे दिसते त्यावर शिकण्याइतका वेळ कोणाला नसतो. जे क्वचित घडते पण घडले की क्षणाचीही उसंत देत नाही, ते रुग्णावर शिकता येतच नाही. अग्निशामक दल आग लागण्याची वाट पाहत शिकत नाही. मग बाळंतपणाच्या खोलीत निराळा न्याय का?

आणि बाहुली म्हणजे लाखांचा पुतळाच, असे कोणी सांगितले? प्राचीन शल्यशास्त्राचा उठता-बसता गौरव करणाऱ्यांनी सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय एकदा वाचावा. छेद घेण्याचा सराव कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी यांवर. भेदनाचा पाणी भरलेल्या कातडी पिशवीवर. शीर तोडण्याचा कमळाच्या देठावर आणि मेलेल्या जनावराच्या शिरांवर. टाके घालण्याचा कापडाच्या व मऊ चामड्याच्या कडांवर. पट्टी बांधण्याचा बाहुल्यावर. सारे शास्त्र शिकूनही ज्याने हा सराव केला नाही तो प्रत्यक्ष कर्मास अयोग्य, असा निर्वाळा तेथे दिला आहे. कोहळ्याला निविदा लागत नाही. म्हणूनच की काय, सुश्रुताचे पुतळे उभारणाऱ्यांना हा अध्याय फारसा आठवत नाही.

फ्रान्समध्ये १७५९ साली मादाम द्यु कूद्रे या सुईणीला खेडोपाडी प्रसूतिविद्या शिकविण्याची राजाज्ञा मिळाली. कापड, चामडे आणि भरण यांपासून तिने स्त्रीच्या कटिभागाचे आणि बाळाचे प्रतिरूप घडविले. ते घेऊन ती सुमारे पंचवीस वर्षे प्रांतोप्रांती हिंडली आणि हजारो ग्रामीण स्त्रियांना तिने शिकविले. तिचे एक प्रतिरूप रूआँ शहरातील संग्रहालयात आजही आहे. अलीकडच्या काळात मेक्सिको आणि ग्वातेमालामध्ये नर्सेसना शिकविताना शस्त्रक्रियागृहातील जुन्या विजारीत फेरफार करून बाळंतपणाचे साधन करण्यात आले. एक नर्स ती विजार घालून बाळंतीण होते, कळा देते, घाबरते, प्रश्न विचारते. दुसरी तिची सुटका करते. पुतळा घाबरत नाही आणि प्रश्नही विचारत नाही. या कामात स्वस्त साधन हे महागड्याहून अनेकदा सरस ठरते, ते यामुळे.

हायडमचा धडा

साधनापेक्षा सराव महत्त्वाचा, हे केवळ तत्त्वज्ञान नव्हे. टांझानियाच्या उत्तर भागात हायडम नावाचे ग्रामीण रुग्णालय आहे. नवजात बाळाला श्वास देण्याचे एक दिवसाचे प्रशिक्षण तेथील सुईणींना देण्यात आले. नंतर परीक्षा घेतली तेव्हा बाहुलीवर त्यांचे हात सफाईने चालू लागले होते. पण प्रसूतिकक्षात पाहणी केली, तर प्रत्यक्ष वागणुकीत फरक पडलेला नव्हता. २०१३ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सरकारी प्रशिक्षण शिबिरांना बसलेल्या कोणालाही याचे नवल वाटणार नाही. एक दिवस, एक चहा, एक प्रमाणपत्र आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

हायडमच्या लोकांनी मात्र प्रमाणपत्रावर समाधान मानले नाही. त्यांनी बाहुली प्रसूतिकक्षातच आणून ठेवली आणि कामाच्या जागीच वारंवार, थोडा थोडा वेळ सराव सुरू केला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पहिल्या चोवीस तासांतील बालमृत्यू दर हजारी ११.१ वरून ७.२ वर आले. बाहुली तीच, सुईणीही त्याच. बदलली ती सरावाची रीत.

इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या साउथमीड रुग्णालयाचा अनुभवही असाच आहे. बाळाचा खांदा अडकण्याच्या प्रसंगाचा सराव तेथे सर्व कर्मचाऱ्यांनी एकत्र, आपल्याच रुग्णालयात केला. अशा प्रसंगी बाळाला इजा होण्याचे प्रमाण ९.३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आले. श्रीमंत देश असो वा गरीब, धडा एकच आहे. हात एकदा शिकून शिकत नाहीत, आणि एकेकटे शिकून तर मुळीच शिकत नाहीत.

संहिता कोणी लिहावयाची?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. सरावासाठी पुतळ्याइतकीच किंबहुना अधिक गरज असते ती संहितेची. नाटकाला संहिता लागते तशीच यालाही लागते. रुग्ण कोण, ती काय बोलते, खोलीत कोणती सामग्री आहे, पाचव्या मिनिटाला नाडी किती, योग्य उपाय केला तर ती कशी सुधारते, न केला तर कशी ढासळते, बाजूला बसून पाहणाऱ्याने कशाची नोंद घ्यावयाची आणि अखेरीस चर्चेत कोणते प्रश्न विचारावयाचे, हे सारे तीत लिहावे लागते. हेच खरे शिक्षणसाहित्य. आपल्याकडे तेही पुतळ्याबरोबर खोक्यात भरून विदेशातून आणले, तर त्यात काय सापडेल? ‘भूलतज्ज्ञास पाचारण करा’, ‘रक्तपेढीला दूरध्वनी करा’, ‘अतिदक्षता विभागात हलवा’. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या नर्सने हे वाचून काय करावे?

तिची संहिता निराळी आहे. रात्रीचा दीड वाजला आहे. वार पडून दहा मिनिटे झाली आहेत आणि रक्त थांबत नाही. वीज गेली आहे. डॉक्टर रजेवर आहेत. सोबत एक आशा कार्यकर्ती आणि बाईची सासू आहे. १०८ ची गाडी निघाली आहे, पण पोहोचायला तास लागेल. ऑक्सिटोसिनच्या कुपी आहेत, परंतु हे औषध दोन ते आठ अंश तापमानात ठेवावे लागते आणि शीतकपाट दोन दिवस बंद आहे. सासू म्हणते, घरी नेतो. अशा वेळी गर्भाशय चोळावयाचे कोणी, इंजेक्शन कोणी द्यावयाचे, सलाईन कोणी लावावयाचे, सासूशी बोलावयाचे कोणी आणि कोणत्या भाषेत? ही संहिता जिनिव्हात किंवा दिल्लीत बसून लिहिता येणार नाही. ती जिने अशी रात्र काढली आहे त्या नर्सलाच लिहिता येईल, आणि ती मराठीत, भिलीत, कोरकूत, गोंडीत, माडियात लिहावी लागेल.

हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बाळाची घरीच काळजी घेण्याचे, श्वास कोंडलेल्या बाळाला वाचविण्याचे शिक्षण दिले. त्या ३९ गावांत नवजात बालमृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले. बिहारमध्ये ‘अमानत’ कार्यक्रमात नर्स मार्गदर्शकच प्राथमिक आरोग्य केंद्रांत जाऊन तेथील नर्सेसबरोबर प्रसंगांचा सराव करीत. अल्पशिक्षित बाई शिकू शकत नाही, हा शिकविणाऱ्याच्या आळसाने रचलेला सिद्धान्त आहे.

मालकीचा प्रश्नही येथेच सोडविला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ पासून आपली प्रकाशने मुक्त परवान्याखाली देण्याचे धोरण स्वीकारले आहे; व्यापारी हेतू नसेल तर त्यांचे भाषांतर व रूपांतर करण्यास पूर्वपरवानगी लागत नाही. मग जनतेच्या पैशातून तयार झालेल्या संहिता, चित्रतक्ते, चित्रफिती एखाद्या कंपनीच्या किंवा खासगी विद्यापीठाच्या कुलपात का राहाव्यात? जी नर्स आपला अनुभव देते तिलाच उद्या त्याच अनुभवाचा अभ्यासक्रम शुल्क भरून घ्यावा लागला, तर ते शोषण नव्हे काय?

सराव की सापळा?

एका धोक्याची जाणीव कार्यकर्त्यांनी ठेवली पाहिजे. प्रामाणिकपणे केलेला सराव दोन गोष्टी उघड करतो: हाताची चूक आणि व्यवस्थेची चूक. खोटी बाळंतीण खऱ्या खोलीत आणली की कळते, प्राणवायूचे नळकांडे रिकामे आहे, मुखवट्याचा आकार बाळाला बसत नाही, औषधाच्या कपाटाची किल्ली भांडारपालाच्या घरी आहे. ही यादी कोणत्याही तपासणी अहवालापेक्षा खरी असते. म्हणून वरिष्ठांना ती नको असते. त्यांना हवी असते ती केवळ पहिली यादी, म्हणजे नर्सच्या चुकांची.

ज्या दिवशी सरावातील चूक गोपनीय अहवालात जाईल आणि कारणे दाखवा नोटिशीचे निमित्त होईल, त्या दिवशी हे शिक्षण संपेल. चूक करण्याची मोकळीक हाच याचा प्राण आहे. सरावानंतरच्या चर्चेत ‘कोण चुकले’ हा प्रश्न नसतो; ‘काय घडले, तेव्हा मनात काय होते, पुढच्या वेळी निराळे काय करता येईल’ हे प्रश्न असतात. ही रीत नोकरशाहीच्या अंगवळणी पडलेली नाही. डॉक्टरांच्या उतरंडीत तर ती त्याहून नाही. तेथे नर्सने डॉक्टरांना ‘साहेब, हा डोस अधिक होतो आहे’ असे म्हणणे हेच औद्धत्य ठरते. सरावात तिला हे म्हणण्याचा अभ्यास करता आला, तर त्यातून एक जीव तर वाचेलच, पण एक उतरंडही थोडी हलेल.

दुसरा धोका शिक्षणसम्राटांचा. ज्यांच्या रुग्णालयात रुग्णच फिरकत नाहीत ती महाविद्यालये उद्या म्हणतील, आमच्याकडे पुतळे आहेत, रुग्ण कशाला? महाविद्यालयांच्या तपासणीतील लाचखोरीबाबत २०२५ साली केंद्रीय अन्वेषण विभागाला गुन्हा नोंदवावा लागला. तेथे बाहुल्यांची नोंदवही कशी भरली जाईल याची कल्पना कोणीही करावी. बाहुली ही रुग्णापर्यंत जाण्याची पायरी आहे. रिकाम्या खाटा झाकण्याची चादर म्हणून तिचा उपयोग होऊ देता कामा नये.

आणि सरावाने सारे साधेल असा भ्रमही नको. उत्तर प्रदेशात १२० आरोग्य केंद्रांमध्ये सुरक्षित बाळंतपणाच्या तपासणीसूचीचा आणि मार्गदर्शनाचा मोठा प्रयोग झाला. २०१७ मध्ये निष्कर्ष आले: कर्मचाऱ्यांच्या रीती सुधारल्या, परंतु माता व बालकांचे मृत्यू घटले नाहीत. आम्ही त्याचा अर्थ असा लावतो की, नुसती रीत सुधारून भागत नाही. पुरेशी माणसे, रक्त, वाहन आणि शस्त्रक्रियेची सोय मागे उभी नसेल, तर शिकलेला हातही रिकामाच राहतो. म्हणून सरावाची मागणी ही भरतीच्या आणि औषधांच्या मागणीऐवजी करावयाची नाही. तिच्यासोबत करावयाची आहे.

काय मागावयाचे?

नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि राज्याचा सार्वजनिक आरोग्य विभाग यांनी मिळून मराठीत आणि आदिवासी भाषांत सरावाच्या संहितांचा संच तयार करावा आणि तो सर्वांना मुक्त ठेवावा. तो लिहिणाऱ्या समितीत आरोग्यसेविका, परिचारिका, आशा आणि अनुभवी सुईणी निम्म्याहून कमी असू नयेत, आणि त्यांना कामाचा मोबदला मिळावा. ज्या आशांना सरकार अजून कर्मचारी मानावयास तयार नाही त्यांच्याकडून ज्ञान मात्र फुकट घ्यावे, हे चालणार नाही. सराव कामाच्या वेळेत आणि कामाच्या जागी व्हावा. सुट्टीच्या दिवशी तालुक्याला बोलावून नव्हे. सरावात उघड झालेल्या उणिवांची यादी केंद्राच्या फलकावर लागावी आणि तिला ठराविक मुदतीत लेखी उत्तर मिळावे. सरावातील चूक कोणत्याही चौकशीत पुरावा म्हणून वापरली जाऊ नये. साधी साधने, म्हणजे कापडी गर्भाशये, विणलेली बाळे, चामड्याच्या पिशव्या, गावातल्या बचतगटांकडून करून घ्यावीत.

यांतील बऱ्याच गोष्टींसाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचेही कारण नाही. आपल्या चळवळीला कलापथकांची परंपरा आहे. एखाद्या प्रश्नावर रात्रीतून वग उभा करणारे कार्यकर्ते आपल्याकडे होऊन गेले आणि आजही आहेत. त्यांनी आपल्या तालुक्यातल्या नर्सताईंपाशी आणि आशाताईंपाशी बसावे, त्यांच्या रात्री ऐकाव्यात आणि त्यांतून संहिता लिहून काढाव्यात. वैद्यकीय तपशील सहानुभूतीदार डॉक्टरांकडून तपासून घ्यावेत. नर्सेसच्या आणि आशांच्या संघटनांनी पगाराच्या मागणीपत्रकातच ‘सरावाची वेळ हा कामाचा भाग’ हे कलम घालावे. कामगाराने यंत्राची सुरक्षितता मागणे आणि नर्सने सरावाची वेळ मागणे, या एकाच जातीच्या मागण्या आहेत.

निविदा निघतील, पुतळे येतील, फिती कापल्या जातील. आपण प्रत्येक उद्घाटनाला जाऊन तीनच प्रश्न विचारावेत: संहिता कोठे आहे, ती कोणी लिहिली आणि या महिन्यात किती नर्सेसनी सराव केला? उत्तर मिळेपर्यंत पुढच्या महिन्यात पुन्हा जावे.